गुन्हा घडण्याआधीची खबर पोलिसांनी कोणाकोणाला द्यायला हवी?

चाळकरी (धागाकर्ता)

या विषयावर जाणकारांचे मत हवे आहे म्हणून हा धागा काढत आहे. निमित्त एका घटनेचे आहे, परंतु ठाण्याचे, दुकानाचे किंवा माणसांचे नाव मी देणार नाही, आणि प्रतिसादांतही कोणी तर्क लढवू नयेत ही विनंती.

आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराच्या कानावर दुकानामागच्या गल्लीत जमणाऱ्या पाच-सहा मुलांचे बोलणे पडले. खाडीपलीकडच्या एका सराफाच्या पेढीवर दरोडा घालण्याचा बेत शिजत होता. कोणत्या दिवशी जायचे, गाडी कोण आणणार, दुकानातला मुलगा जेवायला कधी जातो, इतक्या बारकाईने ते बोलत होते. दुकानदार धीर करून जवळच्या पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले, पेढी कुठे आहे ते विचारले, आणि "ती हद्द आमची नाही, आयुक्तालयसुद्धा वेगळे आहे, तुम्ही तिकडच्या ठाण्यात जाऊन सांगा," असे म्हणून त्याला वाटेला लावले. डायरीत नोंद झाली नाही आणि त्याचे नाव-गावही कोणी विचारले नाही. घरी आल्यावर त्याच्या मुलाने ११२ वर फोन केला, तेव्हा पलीकडच्या पोलिसांनी पेढीपाशी गस्त वाढवली आणि तो दिवस निभावला.

पहिल्या ठाण्याने ही माहिती स्वतःहून पुढे कळवणे कायद्याने बंधनकारक होते की ते केवळ सौजन्य ठरले असते, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. ज्याच्यावर घाला येणार होता त्या सराफाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला सांगणे हे कोणाचे काम होते?

काळा कोट

चाळकरी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६९ असे की, दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा) करण्याचा बेत असल्याची माहिती ज्या पोलीस अधिकाऱ्याला मिळेल त्याने ती आपल्या वरिष्ठाला कळवलीच पाहिजे, आणि तो गुन्हा रोखणे किंवा त्याची दखल घेणे ज्याचे कर्तव्य आहे अशा अन्य अधिकाऱ्यालाही कळवली पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १५० होते आणि त्याआधीच्या १८९८ च्या संहितेतही ते याच क्रमांकाने होते. शंभराहून अधिक वर्षे पोलिसांवर असलेले हे बंधन आहे, त्यामुळे ते कोणाला नवे वाटण्याचे कारण नाही.

गुन्हा नोंदवण्याच्या कलमात 'ठाण्याचा प्रभारी अधिकारी' असा उल्लेख येतो, तर इथे 'प्रत्येक पोलीस अधिकारी' म्हटले आहे, आणि हद्दीची अट कुठेही घातलेली नाही. उलट 'ज्याचे कर्तव्य आहे असा अन्य अधिकारी' याचा साधा अर्थच असा की, माझ्या हद्दीतला विषय नसेल तर ज्याच्या हद्दीतला आहे त्याच्यापर्यंत मी तो पोहोचवायचा. याच्या आधीचे कलम १६८ प्रत्येक पोलिसाला दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून मध्ये पडण्याचा अधिकार देते आणि शक्य तितक्या परीने तो रोखण्याचे कर्तव्यही सोपवते. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ६४ पोलिसांच्या कर्तव्यांची यादी देते. झालेल्या गुन्ह्यांची आणि होऊ घातलेल्या गुन्ह्यांची माहिती मिळवणे व ती वर सादर करणे हे त्या यादीत अगदी सुरुवातीला येते.

आपल्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि दरोड्याची नुसती तयारी हाही स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये तयारीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे, आणि दरोड्यासाठी नुसते एकत्र जमणेसुद्धा शिक्षेस पात्र आहे. 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' अशा बातम्या आपण नेहमी वाचतो त्या याच तरतुदीखालच्या असतात. म्हणजे मुलांची तयारी खरोखर सुरू झाली असेल तर तिथे भविष्यातला गुन्हा उरत नाही, झालेला गुन्हा असतो. झालेल्या गुन्ह्याची फिर्याद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे, जिला आपण झिरो एफआयआर म्हणतो. दुकानदाराला दोन्ही कलमांनी दाद मिळायला हवी होती आणि एकाही कलमाने मिळाली नाही.

निवृत्त अंमलदार

वकीलसाहेबांनी सांगितलेला कायदा बरोबर आहे. मी या शहराच्या वेगवेगळ्या ठाण्यांत आणि काही काळ विशेष शाखेत नोकरी केली असल्यामुळे प्रत्यक्षात काय होते ते सांगतो.

खबर आली की प्रथम ती स्टेशन डायरीत उतरली पाहिजे. नोंदीचा क्रमांक, शेजारी वेळ आणि मग मजकूर : 'वेळ २१.४० वा. एक इसम समक्ष येऊन सांगतो की अमुक ठिकाणी तमुक दिवशी दरोडा घालण्याचा बेत आहे. सदरचा मजकूर व. पो. नि. (वरिष्ठ पोलीस निरीक्षक) यांना फोनवरून कळविला. मुख्य नियंत्रण कक्षास कळविले, तेथे अमुक अंमलदार हजर.' एवढे लिहिले की कलम १६९ चे काम झाले. पूर्वी हे हाताने लिहीत असू, आता संगणकावर भरतात, पण मजकुराची घडण तीच राहिली आहे. याला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

तरीही नोंद होत नाही, कारण नोंद केली की जबाबदारी आली. उद्या खरोखरच दरोडा पडला तर चौकशीत पहिला प्रश्न असा येतो की तुम्हाला ९ वाजून ४० मिनिटांनी कळले होते, मग पुढे काय केले? नोंदच नसेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. खालच्या माणसाला हे नोकरीच्या सुरुवातीलाच कळते, आणि ते त्याला वरूनच शिकवले जाते, असे मी खेदाने म्हणेन. पुन्हा वर्षअखेरीस ठाण्याची मोजणी नोंदलेल्या आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांवर होते. घडलाच नाही असा गुन्हा कोणत्या रकान्यात भरायचा? दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला टळलेला गुन्हा तर कोणाच्याच नावावर जमा होत नाही.

एक गोष्ट मात्र पोलिसांच्या बाजूने सांगायला हवी. खबर देणारा प्रत्येक जण या दुकानदारासारखा नसतो. भाऊबंदकी, दुकानाच्या गाळ्याचा वाद, फेरीवाल्यांतील जागेचे भांडण यांतून 'अमका माझ्यावर हल्ला करणार आहे' अशा खबरा रोज येतात. पक्की कोणती आणि कच्ची कोणती हे ठरवायला माणूस लागतो, आणि रात्रपाळीला तो नसतो.

रात्रपाळी

अंमलदार साहेब, कच्च्या खबरांचे मान्य आहे, पण पक्की खबर वाया गेल्याचा सगळ्यात मोठा दाखला याच शहराचा आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्याच्या तीन दिवस आधी पोलिसांनी दंगलीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाने कटाबद्दल सांगितले होते आणि त्याचे बोलणे गांभीर्याने घेतले गेले नाही, हे नंतर कितीतरी वेळा छापून आले आहे. त्या तरुणाला स्वतःची सुटका हवी होती म्हणून तो काहीही बरळतो आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले असणार. अडचण हीच असते की अशी माहिती बहुधा अशाच माणसांकडून येते. सज्जनांच्या कानावर कट पडतच नाहीत.

त्याच प्रकरणाची दुसरी बाजू याहून काळी आहे. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यांवर शस्त्रे व स्फोटके उतरली तेव्हा त्या वाटेवरच्या काही पोलिसांनी आणि सीमाशुल्क विभागाच्या काही अधिकाऱ्यांनी माल जाऊ दिला. खटल्यात ते दोषी ठरले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. माहिती पुढे न कळवणे आणि माहिती विकणे यांत कायदा फरक कसा करतो, ते काळा कोट यांनी सांगावे.

काळा कोट

तो फरक हेतूवर ठरतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ५९, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ११९, असे सांगते की जो गुन्हा रोखणे हे लोकसेवकाचे कर्तव्य आहे त्याचा बेत त्याने तो गुन्हा सुकर व्हावा या हेतूने, किंवा त्यामुळे तो सुकर होण्याचा संभव आहे हे जाणून, दडवला तर तो स्वतः गुन्हेगार ठरतो. गुन्हा घडला तर त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत, न घडला तर चतुर्थांशापर्यंत, आणि मूळ गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलमाखालचे उदाहरण वाचण्यासारखे आहे. जबरी चोरीच्या बेतांची माहिती देणे कायद्याने बंधनकारक असलेला एक पोलीस अधिकारी, अमका असा बेत करत आहे हे ठाऊक असूनही, ते काम सुकर व्हावे म्हणून खबर देत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे नेमका हाच प्रसंग होता.

चाळकरींच्या अंमलदारांना मात्र हे कलम लागणार नाही. त्यांनी दरोडेखोरांना मदत करण्यासाठी माहिती दडवली असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी कंटाळा केला, आणि कंटाळ्यावर उतारा म्हणजे खातेनिहाय चौकशी किंवा पोलीस अधिनियमातील कर्तव्यच्युतीची तरतूद. कलम १६९ बंधन घालते, पण ते मोडल्याची शिक्षा त्या कलमात नाही. पोलिसांचा निष्काळजीपणा आणि संगनमत यांच्यामध्ये जी रुंद पट्टी आहे, तिथेच बहुतेक प्रकरणे अडकून पडतात.

तिसरा फलाट

हद्दीचा विषय निघाला म्हणून रेल्वेचे सांगतो. मी रोज लोकलने येतो-जातो आणि आमच्या प्रवासी संघटनेतर्फे अनेकदा तक्रारी घेऊन पोलिसांकडे गेलो आहे. दादरच्या फलाटावर कोणी कोणाला 'बाहेर ये, बघतो' म्हणाला तर फलाट लोहमार्ग पोलिसांचा, जिना उतरून रस्त्यावर आलात की मुंबई पोलिसांचा, आणि रेल्वेच्या मालमत्तेला हात लागला तर रेल्वे सुरक्षा दलाचा. लोहमार्ग पोलिसांचे मुंबई आयुक्तालयच वेगळे आहे आणि त्याची हद्द मुंबई शहराबाहेरही जाते. उत्तरेला दहिसर ओलांडले की २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय, खाडीपलीकडे ठाणे, पुढे नवी मुंबई. ही सगळी माणसे एकाच राज्याच्या पोलीस दलातली असली तरी सामान्य माणसाला ती वेगवेगळी सरकारे वाटतात. ज्या गुन्हेगाराला बोरिवलीला चढून नालासोपाऱ्याला उतरायचे आहे त्याला मात्र यातली एकही हद्द आडवी येत नाही.

निवृत्त अंमलदार

तिसरा फलाट, नियंत्रण कक्षाकडून नियंत्रण कक्षाकडे संदेश जाण्याची सोय पूर्वीही होती आणि आजही आहे. सोय असण्याबद्दल माझी तक्रार नाही. संदेश गेला, पलीकडे कोणी घेतला आणि त्यावर काय झाले, हे पाठवणाऱ्याला परत कळवण्याची पद्धत नाही. त्यामुळे पाठवणारा सुटतो आणि घेणारा म्हणतो की असे शंभर संदेश येतात.

ओवी

मी स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करते. पोलीस यंत्रणेत समाजकार्यकर्त्यांनी बसून काम करण्याचा प्रयोग १९८४ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला, हे इथे अनेकांना ठाऊक असेल. आमच्यासारख्यांचे काम त्याच वाटेने आले.

या धाग्यावर आत्तापर्यंत सगळी चर्चा माहिती वर गेली की आडवी गेली यावर झाली. चाळकरींचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे, आणि माझ्या कामात तोच रोज समोर येतो. कलम १६९ मध्ये दोनच पत्ते आहेत, वरिष्ठ आणि संबंधित अधिकारी. जिचा जीव जाणार आहे तिचा पत्ता त्यात नाही.

एक प्रसंग ओळख पुसून सांगते. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून मुंबईत राहायला आलेली एक मुलगी होती. तिच्या माहेरच्या तालुक्यात नात्यातल्याच एका माणसाने पोलिसांना जाऊन सांगितले की, तिचे काका आणि चुलतभाऊ तिला 'परत आणायला' निघणार आहेत आणि सोबत हत्यार आहे. तिथे नोंद झाली आणि नोंद वरिष्ठांनाही दाखवली गेली, म्हणजे कायद्याचे निम्मे काम झाले. मुंबईच्या ज्या ठाण्याच्या हद्दीत ती राहत होती तिथे काहीच पोहोचले नाही, आणि तिला स्वतःला ते कळले मावसबहिणीच्या फोनवरून. ती त्याच रात्री घर सोडून आमच्याकडे आली. मावसबहिणीने फोन केला नसता तर डायरीतली ती नोंद पुढे खटल्यात पुरावा म्हणून उपयोगी पडली असती.

अशा प्रकरणांपुरता सर्वोच्च न्यायालयाने रस्ता दाखवला आहे. शक्ती वाहिनी प्रकरणातल्या मार्च २०१८ च्या निकालात असे निर्देश आहेत की, जोडप्याविरुद्ध जातपंचायतीसारखी बैठक भरणार असल्याचे ज्या पोलीस अधिकाऱ्याला कळेल त्याने लगेच वरिष्ठाला आणि त्याच वेळी उपअधीक्षक व अधीक्षकांना कळवावे, जोडप्याला सुरक्षित निवारा द्यावा, आणि माहिती असूनही कोणी हालचाल केली नाही तर ते गैरवर्तन मानून खातेनिहाय कारवाई व्हावी. आंतरजातीय लग्नाच्या बाबतीत हे होऊ शकते, तर साध्या सराफाच्या बाबतीत का होऊ नये?

नेकारकाठ

मी कामानिमित्त काही वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून इथली तरतूद सांगतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम १३८ नुसार खून, अपहरण, जबरी चोरी, जाळपोळ अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांचा बेत खात्रीलायक रीतीने कळला आणि तो टाळणे अजून शक्य असताना कळवला नाही, तर तोच गुन्हा ठरतो आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन पोलिसांपुरते नसून प्रत्येकावर आहे. ओवी यांच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट अशी की, कळवायचे कोणाला हे सांगताना तिथे 'अधिकाऱ्यांना किंवा ज्याला धोका आहे त्या व्यक्तीला' असे म्हटले आहे. धोक्यातल्या माणसाचा उल्लेख कलमाच्या मजकुरातच आहे.

काळा कोट

नेकारकाठ, आपल्याकडेही सामान्य नागरिकावर बंधन आहे, फक्त ते फारसे कोणाला माहीत नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा गुन्ह्यांची यादी आहे. ते घडल्याचे किंवा कोणी ते करणार असल्याचे कळले तर जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना सांगितले पाहिजे, आणि न सांगण्याला सबळ कारण होते हे सिद्ध करण्याचा भार न सांगणाऱ्यावर आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या २०१२ च्या कायद्यात तर असा गुन्हा होण्याची भीती वाटली तरी कळवायचे आहे. म्हणजे किराणा दुकानदाराने केलेले काम हे त्याचे कायदेशीर कर्तव्य होते. त्याने आपले पार पाडले.

ओवी यांच्या मुद्द्यावर इंग्लंडचा दाखला अधिक जवळचा आहे. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या मागे लागून अखेर १९८८ मध्ये त्या मुलाच्या वडिलांना गोळी घातली. ते ओस्मान प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९९८ च्या निकालात पोलिसांना दोषी धरले नाही, पण कसोटी घालून दिली : ठरावीक व्यक्तीच्या जिवाला खरा आणि तात्काळ धोका आहे हे पोलिसांना ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, तर तो टाळण्यासाठी त्यांच्या अधिकारात असलेले वाजवी उपाय करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर तिथले पोलीस धोक्यातल्या व्यक्तीला रीतसर लेखी इशारा देऊ लागले.

निवृत्त अंमलदार

ओवीताई, तुमच्या प्रसंगातल्या मुलीला सांगायलाच हवे होते, याबद्दल दुमत नाही. पण सरसकट नियम करण्याआधी तीन गोष्टी विचारात घ्या.

पहिली गोष्ट खबऱ्याची. टोळीतल्या चौघांनाच ठाऊक असलेला बेत लक्ष्याला कळला आणि त्याने दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवले, तर कोण फुटला हे शोधायला टोळीला एक दिवसही लागत नाही. कायदा आम्हाला खबर कुठून मिळाली हे न्यायालयातही न सांगण्याची मुभा देतो, ती उगाच नाही.

दुसरी गोष्ट, लक्ष्य नेहमी सराफ किंवा लेकीबाळी नसते. नव्वदच्या दशकात या शहरात टोळीयुद्ध चालू असताना एका टोळीच्या माणसाला 'तुझ्यावर गोळी झाडणार आहेत' असे सांगणे म्हणजे त्याला आधी गोळी झाडायला सुचवणे होते. आम्ही अशा वेळी सांगत नसू, पाळत ठेवत असू किंवा दोन्ही बाजूंची माणसे उचलत असू.

तिसरी गोष्ट मनुष्यबळाची. इशारा दिला की तो माणूस दारात शिपाई मागणार, आणि त्याचे मागणे चुकीचे नसणार.

ओवी

अंमलदार काका, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतली एकही 'सांगू नका' एवढे सिद्ध करत नाही. त्या 'कसे सांगा' हे सांगतात. खबऱ्याचे नाव, दिवस, जागा हे काहीही न सांगता 'तुमच्या जिवाला धोका असल्याची माहिती आहे, काही दिवस एकट्याने फिरू नका' इतके सांगता येते. टोळीतल्या माणसाला सांगायचे नसेल तर ते कारण डायरीत लिहा. आज न सांगण्याला कारणच लागत नाही, ही माझी तक्रार आहे.

काळा कोट

गुंडाला सांगण्याचा प्रश्न इंग्लंडमध्येही आला. तिथले पोलीस त्यालाही इशारा देतात, आणि या इशाऱ्यामुळे तुम्हाला शस्त्र बाळगण्याची किंवा कायदा हातात घेण्याची मुभा मिळत नाही, अशी समज त्याच कागदावर देतात.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण म्हणजे साक्षीदार संरक्षण योजना, २०१८. महेंदर चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचे बळ दिले. तीत साक्षीदाराला किती धोका आहे याचा अहवाल पोलीस अधिकाऱ्याने पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो आणि तातडीच्या प्रसंगी मध्यंतरीचे संरक्षणही देता येते. म्हणजे धोका मोजण्याची पद्धत आपल्याला येते. ती फक्त खटल्यातल्या साक्षीदारापुरती आहे. उद्या ज्याचा खून होणार आहे तो अजून कशाचाच साक्षीदार नसतो.

एक सावधगिरीही नोंदवतो. खबर मिळताच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली माणसे उचलण्याचा मोह पोलिसांना होतो. गुन्हा अन्य मार्गाने टाळता येणार नसेल तरच ती अटक करता येते आणि एरवी ती चोवीस तासांपलीकडे चालत नाही. २०११ च्या राजेंदर सिंग पठानिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. ऐकीव माहितीवर चाळीतली पाच मुले आत टाकणे हे या धाग्याचे उत्तर होऊ शकत नाही.

रात्रपाळी

केवळ कळवण्याचे बंधन घट्ट केले तर काय होते तेही या शहराने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे हे आले की, समुद्रमार्गे आणि मोठ्या हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधीपासून येत होत्या. त्या कळवल्या गेल्या होत्या. प्रश्न छाननीचा होता : अनेक सूचना, अनेक कार्यालये, आणि त्या एकत्र वाचून 'याचा अर्थ असा' म्हणणारे कोणी नाही. कागद पुढे सरकवून प्रत्येक जण मोकळा झाला. त्याच हल्ल्यानंतर केंद्राच्या गुप्तवार्ता विभागातील बहुसंस्था केंद्राला, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणाऱ्या केंद्राला, बळ देण्यात आले.

म्हणून माझे म्हणणे असे की, 'कळवले' एवढ्यावर कर्तव्य संपू देऊ नये. अंमलदार साहेबांनी म्हटले तसे, पलीकडून 'मिळाले, अमुक केले' असे उत्तर येईपर्यंत मूळ ठाण्याची नोंद उघडी राहिली पाहिजे.

चाळकरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. इतक्या नेमक्या माहितीची अपेक्षा नव्हती. आमच्या रहिवासी संघातर्फे परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना एक निवेदन द्यावे असे ठरते आहे. वरच्या प्रतिसादांतून मी असा मजकूर जुळवला आहे : नियोजित दखलपात्र गुन्ह्याची माहिती देणाऱ्याला हद्दीच्या कारणाने परत पाठवू नये. माहिती स्टेशन डायरीत घेऊन माहिती देणाऱ्याला नोंदीचा क्रमांक द्यावा. संबंधित ठाण्याला ती नियंत्रण कक्षामार्फत त्याच पाळीत कळवावी आणि त्यांचे उत्तर मूळ नोंदीखाली लिहावे. ज्या व्यक्तीला धोका आहे तिला खबऱ्याची ओळख न उघडता सावध करावे, आणि सावध न करण्याचा निर्णय झाल्यास त्याचे कारण वरिष्ठ निरीक्षकांनी स्वतः लिहावे.

काळा कोट

दोन भर सुचवतो. कलम १६९ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ६४ यांचा उल्लेख पहिल्याच वाक्यात असू द्या, म्हणजे आपण नवे काही मागत नसून असलेल्या कायद्याची अंमलबजावणी मागत आहोत हे दिसेल. आणि डायरीतील नोंदीसाठी २०१३ च्या ललिता कुमारी निकालाचा आधार घ्या. दखलपात्र गुन्ह्यांविषयीची सर्व माहिती डायरीत काटेकोरपणे नोंदली गेली पाहिजे असे घटनापीठाने त्यात म्हटले आहे.

निवृत्त अंमलदार

माहिती देणाऱ्याला नोंदीचा क्रमांक देण्यात एक अडचण आहे. तो कागद त्याच्या खिशात कोणाला सापडला तर काय होईल याचा विचार करा. क्रमांक मोबाइलवरही पाठवू नये. ज्याला हवा असेल त्याने वरिष्ठ निरीक्षकांना समक्ष भेटून विचारावा, असे लिहा.

आणि धोक्यातल्या माणसाला सांगायला शिपायाला पाठवू नका. वरिष्ठ निरीक्षकांनी किंवा गुन्हे निरीक्षकांनी साध्या वेशात स्वतः जावे, तोंडी सांगावे आणि परत आल्यावर वेळेसह नोंद करावी. गणवेशातला शिपाई दारात उभा राहिला की सगळ्या गल्लीला कळते.

ओवी

तोंडी सांगणे मान्य आहे, फक्त स्त्रीला सांगायचे असेल तर सोबत महिला अधिकारी असावी आणि सांगणे घरच्यांसमोर होऊ नये. आमच्याकडच्या बहुतेक प्रकरणांत धोका घरातच असतो.

चाळकरी (धागाकर्ता)

सर्व सूचना मसुद्यात घेतल्या आहेत. निवेदन पुढच्या आठवड्यात देणार आहोत. आवक क्रमांक आणि काही उत्तर आले तर ते याच धाग्यावर टाकीन.